दोनखांबी दौलत

छावणी ही राष्ट्राच्या रक्षणासाठी असते, अशी माझी शाळकरी वयापासूनची समजूत होती. परंतु इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फेलिक्स्टोच्या गारगोट्यांत, कानांना मफलर गुंडाळून आणि मेहुण्याची दुर्बीण डोळ्यांना लावून उभा असता, आधी छावणी आणि मग तिच्या पोटी राष्ट्र, असाही क्रम या सृष्टीत संभवतो, हे ज्ञान मला साठाव्या वर्षी प्राप्त झाले.

"दिसलं का सीलँड, भाऊजी?"

मला दिसले ते एक अवाढव्य मालवाहू जहाज. ते सरकल्यावर, किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटरांवर, दोन रांजणांवर कोणी पाट मांडून विसरून जावा, तशी एक आकृती क्षितिजावर प्रकटली. सिंधुदुर्गाचा तट पायांखाली घातलेल्या मराठी माणसाच्या जिभेवर 'जलदुर्ग' हा शब्द येईना. पण तो जलदुर्गच होता. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन विमानांवर तोफा डागण्यासाठी, गाय मॉन्सेल या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे तो १९४२ साली भर समुद्रात नेऊन बुडविण्यात आला. आरमाराच्या बाबतीत 'बुडविणे' हा शब्द अशुभ खरा, पण येथे ती बांधकामाची रीत होती: तळाचा तराफा पाण्याखाली, त्यावर दोन पोकळ मनोरे, आणि मनोऱ्यांच्या पोटात मजल्यावर मजला रचलेल्या नौसैनिकांच्या बराकी. शिपाई निजावयास खाली उतरत आणि लढावयास वर चढत.

१९५६ साली शेवटचा पहारा उठला. पुढे रॉय बेट्स नामक एका माजी मेजराने, ज्यास सरकारी परवान्यावाचून नभोवाणी केंद्र चालविण्याचा नाद होता, ही बेवारस बराक काबीज केली आणि २ सप्टेंबर १९६७ रोजी तीवर 'सीलँड' या राष्ट्राचा ध्वज फडकावून स्वतःस राजपद व पत्नीस, त्या दिवशी तिचा वाढदिवस असल्यामुळे, राणीपद बहाल केले. हे ऐकून आमच्या कुटुंबाने माझ्याकडे जो दृष्टिक्षेप टाकला, त्यात आजवरच्या सर्व साड्यांचा हिशेब होता.

फौज म्हणाल तर घरचीच. १९६८ साली जवळच्या बोयाच्या कामास आलेल्या माणसांना युवराजांनी गोळीबाराने इशारा दिला. खटला उभा राहिला, आणि हा मुलूख तीन सागरी मैलांच्या हद्दीपलीकडचा, सबब आमचा अंमल तेथे चालत नाही, असे खुद्द इंग्रजी न्यायालयानेच सांगितल्यामुळे बेट्स दरबारास बसल्या जागी सनद मिळाली. १९७८ साली भाडोत्री शिपायांनी किल्ला घेऊन युवराजांस कैद केले, तेव्हा मेजरसाहेबांनी हेलिकॉप्टरमधून हल्ला करून तो परत जिंकला व एका जर्मन माणसास अडकवून ठेवले. त्याच्या सुटकेसाठी जर्मनीचा वकील आला, तो आला याचाच अर्थ मान्यता मिळाली, असे दरबाराने जाहीर केले. थकबाकी वसूल करण्यास आलेल्या कारकुनास चहा पाजून पाहुणा ठरविणाऱ्या आमच्या आळीला या मुत्सद्देगिरीचे नवल वाटू नये. २००६ साली मात्र जनित्राने पेट घेतला, आणि माणूस उचलून नेण्यास ब्रिटिश हवाई दलाचे हेलिकॉप्टर आले, तेव्हा सार्वभौमत्वाने क्षणभर डोळे मिटून घेतले.

"आपण जाऊन पाहू या का?" मी विचारले.

"परवानगी लागते. शिवाय बोटीतून पाळण्यात बसवून यारीने वर खेचतात."

"आधी त्या यारीला यांचं वजन कळवा," कुटुंब म्हणाले.

तेव्हा मेहुण्याने, काहीशा संकोचाने, खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. सीलँडची सरदारकी रीतसर विकत मिळते, आणि एका चांगल्या जेवणाच्या खर्चात हा गृहस्थ गेल्या वर्षीच बॅरन झाला होता. त्याच्या भगिनीने तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "झालास ते बरं झालं. पण मोरीत सकाळची भांडी तशीच आहेत."

त्या रात्री इप्स्विचच्या घरी बॅरननी भांडी विसळली. घासली मी; माझ्यापाशी सनद नव्हती.