माजी कवी, बी विंग

प्रत्येक सोसायटीत एक माजी कवी असतो. ओळखायला सोपा. आजी कवी जिन्यात भेटला की खिशात हात घालतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. माजी कवी नुसतं विचारतो, "तुमच्याकडे पाणी नीट येतंय ना?"

आमचे माजी कवी म्हणजे सिंहगड रस्त्यावरचे, बी विंगमधले काका. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर दिवाळीला शेकडो मराठी माणसांना आपण कुठल्याच अंकात नाही हे नव्याने कळतं. काकांना ते नोकरीभर कळत राहिलं. कविता जायच्या, सोबत तिकीट लावलेलं पाकीट जायचं, आणि पाकीट इमानाने 'साभार परत' यायचं. शेवटी प्रॉव्हिडंट फंडातून संग्रह निघाला. प्रकाशनाला अध्यक्ष तासभर उशिरा आले आणि स्वतःच्या कवितेवर बोलले. उरलेल्या प्रती दिवाणात आहेत. पाहुणे त्यावर झोपतात; संग्रहाचा तेवढाच वाचकांशी संबंध.

मग एका उन्हाळ्यात वॉचमन गावी गेला तो परतलाच नाही, आणि सेक्रेटरींनी पाण्याच्या व्हॉल्व्हची जबाबदारी 'तात्पुरती' काकांकडे दिली. सोसायटीत तात्पुरतं म्हणजे आजन्म.

पहाटे पंचा खांद्यावर टाकून काका खाली उतरतात. व्हॉल्व्हचं चाक गंजलेलं, ओलं. त्याला पंचा गुंडाळून ते अंगाचा भार देतात. पाइपातून आधी नुसती हवा फुसफुसते. काका कान लावून उभे. मग आत खळखळ होते, ते मान डोलावतात आणि वहीत लिहितात : 'बी विंग, ६.१०, पाऊण टाकी.' वही तीच, जुनी. पुढून कविता, मागून पाणी. मागची बाजू आता पुढच्या बाजूला येऊन भिडली आहे.

पूर्वी रविवारी पेपर आला की साहित्य पुरवणी आधी त्यांच्या हातात. आता पावसाळ्यात धरणसाठ्याचा तक्ता. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्वतःची एक कविता मात्र सलग म्हणता येत नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

लेखन पूर्ण सुटलंय असं नाही. लिफ्टशेजारच्या फळ्यावर ते लिहितात : 'उद्या ७ ते ८ पाणी. भरून ठेवा.' एक विशेषण नाही, एक प्रतिमा नाही. लोक थांबून वाचतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, आणि मजकुरात सांगितलंय तसं वागतातसुद्धा! ज्ञानपीठवाल्यांच्याही नशिबी हे सहसा येत नाही.

"काका, आज लवकर सोडा हं, घरी पूजा आहे," असं तिसऱ्या मजल्यावरून कोणी ओरडलं की त्यांचा चेहरा पाहावा. काकूंच्या मते लग्नातसुद्धा ते इतके खुलले नव्हते. "तीस वर्षं यांची वाट कोणी पाहिली नाही," त्या म्हणतात, "आता अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन पाहते."

म्हणून काका संत झालेत असं मात्र समजू नका. सी विंगचा व्हॉल्व्ह एका माजी गायकाकडे आहे. त्याचा विषय निघाला की, "वेळेचं भान आहे, पण दाब कळत नाही," असं काका म्हणतात आणि आवाजाला जुन्या साहित्यवर्तुळातली धार येते. इतकी वर्षं समीक्षकांचं ऐकलेलं कुठेतरी निघणारच की!

तरीही माणूस सुखी आहे, हे मी खात्रीने सांगतो. तुमच्या सोसायटीत असे कोणी असतील तर एक पथ्य पाळा. गणेशोत्सवात स्टेजवरून "काका, एखादी कविता होऊन जाऊ द्या," असा आग्रह चुकूनही करू नका. ते लगेच तयार होतात.