शीत खोटं बोलतं

शितावरून भाताची परीक्षा आजीला बरोबर जमायची. भात तिचा, चूल तिची आणि मुख्य म्हणजे शीत बोलायचं नाही.

मतदार बोलतो. घोळ तिथेच होतो.

१ जून २०२४ची संध्याकाळ आठवतेय? मतदानाची वेळ संपायचा अवकाश, वाहिन्यांवर एक्झिट पोलचे बार उडाले. एनडीएला साडेतीनशे, पावणेचारशे. काहींनी तर चारशेचा नारळही फोडून टाकला. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजारांनी उसळला. मंगळवारी खरी मतं मोजली, तर एनडीए २९३, एकटा भाजप २४०. सेन्सेक्स चार हजारांहून जास्त आपटला. एका नामांकित सर्वेक्षणकर्त्याला तर स्टुडिओतच रडू कोसळलं.

ज्यांचे पैसे बुडाले, त्यांच्या रडण्याला थेट प्रक्षेपण नव्हतं.

ऑक्टोबरात हरियाणा. झाडून सगळे म्हणाले, काँग्रेस. आला भाजप. नोव्हेंबरात महाराष्ट्र. महायुती येणार हे बहुतेकांनी ओळखलं, पण दोनशे तीसच्या घरातला गुलाल काही त्यांच्या आकड्यांत मावला नाही. तरी दुसऱ्या दिवशी जाहिरात तयार: 'आमचा अंदाज अचूक!' पाऊस पडणार म्हणायचं, महापूर आला की श्रेय घ्यायचं.

नमुना मोठा घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. घेतला होता की! १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'ने तब्बल एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, वीस लाखांवर परत आल्या. निष्कर्ष: लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. कारण पत्ते काढले होते टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांतून. ऐन मंदीत! पातेलं केवढं तरी, आणि शितं सगळी वरच्या थरातली.

बरं, नमुना चोख घेतला तरी हजारेक माणसांच्या पाहणीत तीन टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात. वाहिनीवर ही ओळ दिसते का? दिसते. चष्मा काढून पुसेपर्यंत जाते.

आता हे तीन टक्के आपल्याकडे लावा. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत फरक होता जेमतेम एका टक्क्याचा. जागा? ३० आणि १७. वायव्य मुंबईत तर निकाल लागला ४८ मतांनी. अठ्ठेचाळीस! आमच्या सोसायटीची एक विंग झाली. त्यातलेही निम्मे मतदानाच्या सोमवारची सुट्टी जोडून अलिबागला.

हे सर्वेक्षणवाल्यांच्या कुठल्या टॅबवर उमटायचं?

आणि टॅबवाला पोरगा तरी काय करणार? परवा आमच्या नाक्यावर एक आला होता. चहाच्या टपरीवर काकांना गाठलं, 'काका, या वेळी कुणाला?' शेजारच्या खुर्चीत माजी नगरसेवकाचा माणूस पाय पसरून बसलेला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि म्हणाले, 'काम करणाऱ्याला.'

पोरानं पर्याय वाचले. त्यात 'काम करणारा' नव्हता.

मग खुर्चीतल्या माणसानंच मदत केली, 'लिही रे, काका आपलेच आहेत.' पोरानं लिहिलं. दिवसाला इतके फॉर्म भरायचे म्हटल्यावर कोण वाद घालतो? पुढे वय, शिक्षण, व्यवसाय, सरकारवर समाधानी आहात का, असं सगळं यथासांग झालं. काकांनी 'बऱ्यापैकी समाधानी' म्हणत बशीतला शेवटचा घोट ओढला.

पोरगा गेला, नगरसेवकाचा माणूसही उठला. मग मी हळूच विचारलं, 'काका, खरं कुणाला देणार?'

'छे हो,' काका म्हणाले. 'माझं नाव अजून डोंबिवलीच्या यादीत आहे. दहा वर्षांत कोण गेलंय तिकडे!'