भट्टीवर एक, वेशीवर एक

कोलेस्टेरॉल वाढायला माणसाला आधी पोट असावं लागतं, अशी चारठाण्याची पक्की समजूत आहे. मला पोट नाही. त्यामुळे रिपोर्टची बातमी फुटली तेव्हा गावाला काळजीपेक्षा संशयच जास्त आला. काकूनं चष्मा वर करून मला नखशिखांत न्याहाळलं. "या काडीला कुठली चरबी? लॅबवाल्यानं दुसऱ्याचाच कागद दिला असंल."

जिंतूरच्या डॉक्टरांनी आधी रोसुव्हास्टॅटिन दिलं आणि पुढच्या तपासणीनंतर त्यात एझेटिमाइब जोडलं. झालं! एका गोळीनं भागेना, म्हणजे गडी गेलाच, असं पारावर ठरलं. वास्तविक स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. एझेटिमाइब जोडलं तर वीसेक टक्के. कारण कोलेस्टेरॉल बहुतेक यकृतच गाळतं. ती भट्टी बंद पाडली की आतडं बाहेरून जास्त माल आत घ्यायला लागतं. दारूबंदीत होतं तेच. म्हणून एक शिपाई भट्टीवर, स्टॅटिन; एक वेशीवर, एझेटिमाइब.

पण घरच्यांचा दोनावर विश्वास नाही. लसूण, मेथी, अर्जुनसाल, उपाशीपोटी लिंबूपाणी अशी फौज उभी राहिली. त्यात आपला परभणी जिल्हा करडईचा. 'परभणी कुसुम' हे वाण आपल्याच कृषी विद्यापीठाचं. करडईचं तेल एलडीएलला बरं, हे खरंच आहे. मात्र आमच्याकडे त्याचा अर्थ असा निघाला, की करडईच्या तेलात तळलेली भजी हे औषध. डोस ताटभर.

शेजारच्या गुरुजींनी तर जुन्या कोरीव स्तंभापाशी मला गाठून स्वतःची जेमफायब्रोझिलची पट्टी पुढे केली. "माझं ट्रायग्लिसराइड उतरलं. घ्या, उरलीय." स्टॅटिनशी तिची गाठ पडली की स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, हे सांगितल्यावर गुरुजी रुसले. फुकटची वस्तू नाकारली ना!

काकूला पटावं म्हणून मी इतिहासात शिरलो. जपानच्या अकिरा एंडोंनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ साली एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. ती बुरशी क्योटोतल्या दुकानातल्या तांदळावरची.

"बुरशी?" काकूचा हात थांबला. "मंग दुकानात पैसे कशाला घालायलास? मागल्या साली लोणच्यावर बोटभर आली होती, तुझ्याच बायकोनं फेकून दिली."