राक्षसाचा केसन्‌केस खरा

नवा ऑनलाइन गेम येतोय म्हणे. जाहिरातीत ड्रॅगन आहे आणि कंपनी छातीठोक सांगते की त्याचं खवलं न्‌ खवलं खऱ्यासारखं दिसतं. खऱ्यासारखं म्हणजे कुणासारखं? आमच्या घोटीत तरी ड्रॅगन कुणी पाहिलेला नाही. बिबट्या पाहिलाय, तोही पाहिल्याचं सांगणारेच जास्त. जो प्राणी जन्मालाच आला नाही त्याचं हुबेहूब चित्र काढणं अवघड असेल असं वाटतं. तसं काही नसतं. आधीच्या गेममधला ड्रॅगन समोर ठेवायचा आणि त्याला थोडा चिखल फासायचा.

चिखल हा या धंद्यातला मोठा शोध. रंग काढून टाका, आभाळ राखाडी करा, नायकाच्या गालावर एक वण आणि दोन दिवसांची दाढी द्या, झालं वास्तव! नायिकेला हा नियम लागू नाही. तिचं चिलखत पोटाच्या वरच संपतं. असे पाच गेम शेजारी मांडा, नावं झाका आणि कोणता कुठला ते ओळखून दाखवा. घोटीच्या भातगिरणीत पाच गावचं भात आत जातं आणि पॉलिश जरा जास्त झालं की बाहेर आलेला दाणा कुठल्या वावरातला हे पिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही, तसलाच हा प्रकार. गिरणीवाला निदान त्याला ‘अद्भुत विश्व’ म्हणून विकत नाही.

खऱ्यासारखं काढायचं की आपल्या ढंगात, हे भांडण जुनं आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन ऑनलाइन गेम बाजारात उतरले. ८ तारखेला ‘एव्हरक्वेस्ट २’, २३ तारखेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. पहिल्याने वास्तवाचा ध्यास घेतला. त्याची चित्रांची सगळ्यात वरची पातळी पेलणारे संगणक तर अजून बाजारात यायचे होते. दुसऱ्याने हाताने रंगवल्यासारखी झाडं उभी केली, जंगल जांभळं केलं, पंजे चेहऱ्याहून मोठे काढले, आणि खांद्यावरची चिलखतं अशी की दारातून आत जाताना माणूस आडवा करावा लागेल. जाणकारांनी नाकं मुरडली: हे तर कार्टून! पण कार्टून साध्या संगणकावर चाललं आणि २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. सगळं श्रेय चित्रांना देऊ नये. तो खेळायला सोपा होता आणि ‘वॉरक्राफ्ट’ हे नाव आधीच गाजलेलं होतं. तरी दोघांची जुनी चित्रं आज काढून बघा. खरे दिसायला निघालेले चेहरे मेणचट झालेत. जांभळं जंगल तेव्हा जेवढं खोटं होतं तेवढंच आजही आहे, म्हणून त्याचं काही बिघडलेलं नाही.

हे सगळं समजायला अमेरिकेत जायची गरज नव्हती. घोटीहून त्र्यंबक ओलांडून मोखाडा-जव्हारच्या अंगाला गेलं तरी पुरे. होळी उलटली की तिकडे बोहाडा असतो. रात्रभर सोंगं नाचतात: गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह, वेताळ, त्राटिका. संबळ वाजत असतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. डोळे बटबटीत, दात बाहेर, रंग भडक. शहरातला पाहुणा फोटो काढतो आणि ‘किती प्रिमिटिव्ह!’ म्हणून कौतुक करतो. अहो, तो मुखवटा टेंभ्याच्या उजेडात, नाचत्या माणसाच्या तोंडावर, पार मागे बसलेल्या आजीला दिसायचा असतो. तिथे केसन्‌केस कोरलेला रावण काय कामाचा? अर्ध्या अंधारात, लांबून, हलताना कोण आलं ते कळलं पाहिजे, ही पहिली अट. बाकीची नजाकत नंतर.

‘टीम फोर्ट्रेस २’ हा बंदुकांचा ऑनलाइन गेम २००७ चा. वाल्व्ह कंपनीने त्यात नेमकी हीच अट घातली: नऊच्या नऊ पात्रं नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू यायला हवीत. त्यावर त्यांनी शोधनिबंधही लिहिला. बोहाड्यात सोंग नाचवणाऱ्याने निबंध लिहिला नाही. त्याला सकाळी रानात जायचं होतं.

वास्तवाशी माझं वैर नाही, बरं का. राजा रविवर्म्याने देव माणसांसारखे रंगवले, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून ते घरोघर पोचवले.  पण रविवर्म्याने लक्ष्मी काढण्याआधी आसपासच्या बायका, त्यांच्या साड्या, त्यांचं उभं राहणं डोळे भरून पाहिलं होतं. आताचा ‘वास्तववादी’ चित्रकार दुसऱ्याचा पडदा पाहतो. क्विक्सेल नावाच्या स्वीडिश कंपनीने आइसलँडसारख्या ठिकाणचे दगड, शेवाळ, माती यंत्राने टिपून तयार माल म्हणून ठेवली. २०१९ मध्ये एपिक कंपनीने क्विक्सेल विकत घेतली आणि गेम बनवायचं आपलं अनरिअल इंजिन वापरणाऱ्यांना तो माल फुकट दिला. चांगलीच सोय झाली. आता कुणाही राक्षसाचा किल्ला आइसलँडच्या दगडावर उभा राहू शकतो. दगड तिकडचाही लाव्हाचा, इकडचाही, म्हणजे भाऊबंदच. पण अलंग-मदन-कुलंगच्या कातळाचे ते आडवे थर, पावसाळ्यात त्यांवरून सुटणारे पांढरे पट्टे, भाताच्या खाचरांतून एकदम उभा राहणारा १,६४६ मीटरचा कळसूबाईचा डोंगर... ही अद्भुतनगरी कुणाच्या तयार मालात सापडायची? आमच्याकडे येऊन पावसात भिजावं लागेल, आणि भिजायचे पैसे कंपनी देत नाही.

एकाने धाडस केलं, नाही असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ काढला. तो ऑनलाइन जत्रेतला नव्हे, एकट्याने खेळायचा. त्याचे रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे, आणि पुराणकथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी थांबली नाहीत. लढाई अधूनमधून अडखळते, पण एक चित्र पाहिलं की हा ‘राजी’ आहे एवढं कळतं, आणि हल्ली एवढंही कुणाचं कळत नाही. माझी तक्रार एकच. पुणेकरांनी पहाड गाठला, जव्हार मात्र जवळ असून राहून गेलं.

राहून गेलं तेच बरं, असंही कधी वाटतं. वारलीचं काय झालं ते बघतोच आहोत. लग्नाच्या घरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रं. जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन आलं, आणि आता तीच गोल फेर धरलेली माणसं कपांवर, पडद्यांवर, पुलांच्या खांबांवर, एकाच साच्यातून. गेमवाल्यांचंही तेच. ‘वॉरक्राफ्ट’ चालला म्हटल्यावर मोबाइलवर मोठ्या खांद्यांचे, फुगीर पंजांचे शेकडो नमुने आले. शैलीलाही पॉलिश करता येतं. उद्या बोहाडा गेममध्ये आला तर रावणाचं एकेक तोंड वेगळं विकत घ्यावं लागेल, आणि दहावं दसऱ्याच्या सेलमध्ये मिळेल.

खेळणाऱ्यांना यातलं काय हवंय, हेही एकदा पाहावं. इकडची पोरं मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतात. तो अद्भुत वगैरे नाही, पण वास्तवाचा हव्यास तोच. त्याच्या सेटिंगमध्ये चित्रांच्या पायऱ्या आहेत: स्मूद, बॅलन्स्ड, एचडी आणि आणखी वर. कंपनीने सावल्यांवर, पाण्याच्या चकाकीवर किती माणसं बसवली असतील देव जाणे. हप्त्यावर घेतलेल्या फोनवर पोरगं सगळ्यात आधी काय करतं? थेट खालची पायरी गाठतं. मी एकाला विचारलं, अरे, एवढं सुंदर केलंय त्यांनी, आणि तू बंद करतोस?

“काका, फोन तापतो,” तो मान वर न करता म्हणाला. “आणि झाडामागं कोण बसलंय ते दिसायला नको?”