परीक्षार्थीचा बंदोबस्त

पूर्वपरीक्षेचे गुणपत्रक घरात येऊन पडेपर्यंत दहावीची परीक्षा ही मुलाने द्यावयाची असते. ते गुणपत्रक एकदा मोठ्याने वाचले गेले म्हणजे मात्र ती त्याच्याकडून काढून घेऊन सबंध कुटुंबाच्या ताब्यात दिली जाते, आणि त्या घटकेपासून मंडळाच्या पहिल्या पेपराची सकाळ उजाडेपर्यंत जे थोडेसे आठवडे हाती उरतात ते त्या मुलाच्या साहाय्यार्थ इतक्या निष्ठेने खर्ची घातले जातात, की त्यांतून अभ्यासास म्हणून एखादी घटकाही शिल्लक राहू नये. आमच्याच जिन्यावर राहणाऱ्या एका सुसंस्कृत कुटुंबात यंदा हा सोहळा आम्हांस एका भिंतीच्या अंतरावरून अवलोकन करावयास मिळाला. कुटुंबाचे मुख्य म्हणजे महसूल खात्यातून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सन्मानाने निवृत्त झालेले आजोबा. नातवास बीजगणितात ४० पैकी १३ गुण पडल्याचे वर्तमान कानी येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'कोठे चुकले?' असा नव्हता, तर 'याची नोंद कोणत्या रजिस्टरास घेतली आहे?' असा होता. नोंद कोठेच नव्हती. तेव्हा एक लांबरुंद वही आणवून, तिला शिवण घालून, पाने क्रमांकित करून कामकाजास विधिवत् आरंभ करण्यात आला.

पहिले काम अर्थातच वेळापत्रकाचे. ते सिद्ध होण्यास दोन दिवस लागले, कारण विषयवार रंगांची योजना करावयाची होती आणि भूगोलास हिरवा द्यावा की तपकिरी या मुद्द्यावर आई आणि ठाण्याहून मुद्दाम रजा काढून आलेली आत्या यांचे मतैक्य होईना. परीक्षार्थीने (त्याचे पाळण्यातले नाव घरात कोणी उच्चारीनासे झाले होते) पहाटे साडेचार वाजता उठावे, पाचापासून संस्कृत, सातापासून विज्ञान, असे करीत करीत चौदा तासांच्या अध्ययनाची त्यात तरतूद होती. तथापि शाळेचे सराववर्ग, क्लासला जाणेयेणे, दोन वेळचे भोजन आणि निद्रा या किरकोळ बाबी मागाहून मिळवल्या असता दिवस सत्तावीस तासांचा होऊ लागला. ही गोष्ट निदर्शनास आणली ती खुद्द परीक्षार्थीने. त्यावर "एवढी बेरीज येते, तर मग तेरा कसे पडले रे?" असा सवाल वडिलांनी केल्यामुळे तो गप्प बसला, आणि तक्ता दुरुस्तीसाठी पुन्हा दिवाणखान्यात रुजू झाला.

दुसरे काम जप्तीचे. मोबाईल संच पंचांसमक्ष ताब्यात घेऊन आजोबांच्या कपाटात कुलुपबंद झाला. परंतु शाळेच्या सूचना, क्लासच्या सराव प्रश्नपत्रिका आणि मंडळाची परिपत्रके ही सर्व त्याच संचावर अवतीर्ण होत असल्याने तो दर तासास सोडवून आणावा लागे, आणि प्रत्येक सोडवणुकीची पावती फाडावी लागे. दूरदर्शन संचाची जोडणी तर दहावी लागली तेव्हाच तोडण्यात आली होती. हा आपल्या समाजातील मौंजीबंधनाइतकाच रूढ झालेला संस्कार आहे. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली आपली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली तीत माधवराव रानडे उत्तीर्ण झाले, ते तोडण्यास घरात असली कोणतीही जोडणी नसताना कसे झाले असतील, हे या पिढीच्या पालकांस एक गूढच वाटावे. असो. क्रीडांगणही वर्ज्य झाले, चित्रपट वर्ज्य झाले, उन्हाळी सहलीचे नाव काढणेही वर्ज्य झाले. आणि मग बंद खोलीत बसून परीक्षार्थी मंडळाच्या इतिहासाच्या पुस्तकातील 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास', 'खेळ आणि इतिहास' व 'पर्यटन आणि इतिहास' हे तीन पाठ घोकू लागला. खेळांमुळे शरीर सुदृढ व मन प्रसन्न राहते, हे वाक्य आत्या त्याच्याकडून म्हणवून घेत असताना खाली अंगणात चेंडूचा आवाज होत होता, आणि खिडकी लावून घेण्याचा हुकूम तिनेच दिला.

आता न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे, की या सर्व धामधुमीत आजोबांच्या हातून एक अत्यंत शहाणपणाची गोष्ट घडण्याच्या बेतात आली होती. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका पुढे घेऊन त्यांनी, ज्या नजरेने त्यांनी आयुष्यभर ज्वारीची शेते पाहिली होती त्याच नजरेने, बीजगणिताच्या सहाही प्रकरणांची आणेवारी काढली. दोन चलांतील रेषीय समीकरणे पासष्ट पैसे, अंकगणिती श्रेढी पंचावन्न, सांख्यिकी अट्ठेचाळीस, वर्गसमीकरणे पंचेचाळीस, अर्थनियोजन तीस, आणि संभाव्यता, जिच्याविषयी परीक्षार्थीची कल्पना अशी की नाणे वर उडवले असता ते बहुधा कपाटाखाली जाते, ती अवघी दहा पैसे. मग त्यांनी असा अभिप्राय लिहिला, की मुदत थोडी आहे. सबब जे पीक उभे आहे त्यास एक पाणी द्यावे, पन्नास पैशांच्या उंबरठ्यावर असलेल्या सांख्यिकी आणि वर्गसमीकरणांवर सर्व मजूर लावावेत, आणि जो खडक आहे तो यंदापुरता पडीक सोडावा. आमच्या मते सबंध मोहिमेत निघालेला हा एकमेव विचारी हुकूम होता. मंडळ स्वतः तरी दुसरे काय करते? सहा विषयांच्या ६०० गुणांपैकी उत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी काढण्याची सवलत त्यानेच दिली आहे, आणि त्याच्या प्रश्नपत्रिकेत 'खालीलपैकी कोणतेही दोन' ही उदार सूचना ठिकठिकाणी छापलेली असते. पंधरा वर्षांच्या मुलास सर्व काही येणार नाही, हे राज्यशासनाने मान्य केले आहे. मान्य करावयाचे राहिले आहे ते फक्त घरच्यांनी.

"पण अप्पा," सूनबाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "सोडलेल्या धड्यावरच नेमका प्रश्न आला, तर जबाबदारी कोणाची?"

जबाबदारी हा शब्द कानी पडताच, ज्यांनी उभी हयात सरकारी नोकरीत निष्कलंक घालवली होती त्या वृद्ध गृहस्थांनी आपला अभिप्राय तत्काळ मागे घेतला, त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला, आणि सहाही प्रकरणे प्रत्येकी समान वेळ देऊन आरंभापासून करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. परीक्षार्थीचे मत घेण्याचा प्रघात नव्हता.

अध्यापनाचे काम वाटून घेण्यात आले. वडिलांचे स्वतःचे बीजगणित नोकरीला लागल्या दिवशीच त्यांना सोडून गेले होते. परंतु अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आढळताच त्यांच्या मुद्रेवर विलक्षण तेज चढले, कारण त्यांचा छपाईचा व्यवसाय असून या कराची विवरणपत्रे ते २०१७ सालापासून भरीत आले होते. त्या एका सायंकाळी त्यांनी सलग अडीच तास व्याख्यान दिले. त्यात पुस्तकातील उदाहरण एकही नव्हते. केंद्राचा कर, राज्याचा कर, अडकून पडलेला परतावा आणि एका कर सल्लागाराने केलेला विश्वासघात यांचे मात्र सांगोपांग विवेचन होते, आणि समारोपाच्या वेळी वक्त्याचा कंठ दाटून आला होता. आत्येने भूगोल घेतला. दहावीचा भूगोल म्हणजे भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना. ती शिकवण्यासाठी आधी स्वतः शिकणे प्राप्त झाल्यामुळे तिने इतकी मेहनत घेतली की ब्राझीलची उच्चभूमी, ॲमेझॉनचे खोरे आणि पँटानलचा दलदलीचा प्रदेश तिच्या जिभेवर नाचू लागला, आणि पोळ्या लाटतालाटता आजीसुद्धा रिओ द जानेरोच्या पर्जन्यमानाविषयी चिंता व्यक्त करू लागली. सायंकाळी तोंडी परीक्षा होई. प्रश्न आत्या विचारी, उत्तर आई देई, चूक वडील काढीत, वाद आजोबा मिटवीत. आणि परीक्षार्थी या सर्वांच्या मधोमध, ज्याच्या जमिनीचा दावा चालू आहे अशा पक्षकाराच्या उदासीनतेने, बसून राही.

एकांतात त्याने काय करावयाचे, हेही ठरलेले होते. वाचावयाचे, वाचलेले पुन्हा वाचावयाचे, आणि महत्त्वाच्या ओळींवर पिवळी शाई फिरवावयाची. महत्त्वाची नाही अशी ओळ सोडण्याचे धैर्य त्याच्या अंगी नसल्यामुळे पहिल्या आठवड्याअखेर विज्ञानाची दोन्ही पुस्तके हळदीला बसलेल्या नवरदेवासारखी दिसू लागली, आणि ती पाहून आईस समाधान वाटले. वास्तविक अशा पुनःपुन्हा वाचनाचे मोल काय, याची चौकशी परदेशी पंडितांनी केव्हाच करून ठेवली आहे. हर्मान एबिंगहाउस नामक जर्मन विद्वानाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, आपण त्या किती त्वरेने विसरतो याचे मोजमाप १८८५ साली प्रसिद्ध केले. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या दोघांनी असे दाखवून दिले, की एखादा उतारा परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरतात खरे, परंतु आठवड्यानंतर तेच मागे पडतात, आणि पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर उतरवणारे पुढे जातात. म्हणजे आत्येची सायंपरीक्षा, तीत आत्येखेरीज इतरांनी मौन पाळले असते, तर शास्त्रशुद्धच होती. पण परीक्षार्थीस पुस्तक मिटू देण्यास कोणी राजी नव्हते. मिटलेले पुस्तक दिसले की 'झाला वाटतं अभ्यास?' असा प्रश्न तीन खोल्यांतून एकसमयावच्छेदेकरून येई.

आणि म्हणूनच, बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा व दोन तासांचा असतो, भाषेचा ८० गुणांचा व तीन तासांचा असतो, हे भिंतीवरच्या तक्त्यात ठळक लिहिलेले असूनही, लागोपाठ दोन तास लेखणी हाती घेऊन, कोणाशी न बोलता, घड्याळ पुढे ठेवून एक सबंध प्रश्नपत्रिका सोडवावी, असा रकाना त्या तक्त्यात कोठेही नव्हता. २०२३ सालापासून मंडळाने वेळेअखेरीस दहा मिनिटे वाढवून दिली आहेत. त्या दहा मिनिटांत काय तपासावे यावर कुटुंबात दोन बैठका झाल्या. आधीच्या दोन तासांचा विषय वेळेअभावी तहकूब राहिला.

परीक्षार्थी या काळात कोणत्या आशेवर जगत होता, हे आम्हांस जिन्यात कळले. २०२० साली मार्च महिन्यात भूगोलाचा पेपर तेवढा बाकी असताना साथ आली आणि तो अखेरपर्यंत झालाच नाही, व २०२१ साली तर परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ही माहिती त्याने आपण होऊन, तारखांसह, अचूक सांगितली. इतिहासाच्या पेपरात त्याला इतके अचूक उत्तर कधी देता आले नसेल. "काका, तसं परत काही होईल का हो?" असे त्याने विचारले. आम्ही, शेजारधर्मास अनुसरून, तशी चिन्हे दिसत नसल्याचे कळवले.

परीक्षेस दोन आठवडे उरले असता साताऱ्यास एक लग्न निघाले. वधू सख्ख्या नात्यातली. न जाऊन चालण्यासारखे नव्हते. आजीचे गुडघे दुखत असल्याने ती व परीक्षार्थी घरी राहिले. तिला ऐकू कमी येते. तिने नातवास गरम भात वाढला, "बाळा, पोटभर जेव" एवढेच शैक्षणिक मार्गदर्शन केले, आणि ती झोपी गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडून दुपारपर्यंत चकार शब्द ऐकू आला नाही, तेव्हा आम्हांस काळजी वाटली.

रात्री मंडळी परतली तेव्हा परीक्षार्थी पलंगावर गाढ झोपलेला आढळला. मेजावर घड्याळ होते, गतवर्षीची बीजगणिताची प्रश्नपत्रिका होती, आणि पेन्सिलीने तपासलेली एक उत्तरपत्रिका होती, जीवर कोपऱ्यात ४० पैकी २६ असा आकडा मांडलेला होता. संभाव्यतेचा प्रश्न कोरा होता. वडिलांनी तो कोरा प्रश्न प्रथम पाहिला. आत्येने घड्याळ दिवाणखान्यातून विनापरवाना हलवल्याकडे लक्ष वेधले. आजोबांनी चष्मा लावून उत्तरपत्रिका दोनदा चाळली, वर्गसमीकरणाच्या पानावर ते किंचित थबकलेही. परंतु सव्वीस गुण स्वतः परीक्षार्थीनेच दिलेले असून त्यांवर सक्षम अधिकाऱ्याची स्वाक्षरी नसल्यामुळे ते ग्राह्य धरता येत नाहीत, असा निर्णय त्यांना द्यावा लागला. वहीत त्याच रात्री पुढील नोंद झाली: 'मंडळी परगावी असता परीक्षार्थी भर दिवसा निद्रिस्त. अभ्यासाचे सुमारे नऊ तास बुडाले. सदर तूट भरून काढणेकामी सुधारित तक्ता जारी करण्यात येत आहे; अंमल उद्या पहाटे चारपासून. आत्येची रजा आणखी आठ दिवस वाढवणेबाबत तिच्या कार्यालयास कळवावे.'