बर्मी म्हणजे नेमके कोण?

१९८९ मध्ये रंगूनच्या लष्करशहांनी ‘बर्मा’ पुसून ‘म्यानमार’ लिहिलं. आदल्याच वर्षी याच लष्कराने लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. राजवट तीच, पाटी नवी.

कारण काय दिलं? ‘बर्मा’ म्हणजे फक्त बहुसंख्य बमार. ‘म्यानमार’मध्ये शान, करेन, काचिन, चिन सगळे आले.

खरंच आले?

दोन्ही शब्द बमारांच्याच भाषेतले, मूळही एकच. ‘म्यन्मा’ लिहिण्यातला, ‘बमा’ बोलण्यातला. शेवटचा ‘र’ इंग्रजी स्पेलिंगने चिकटवलेला. तिथे तो कुणी उच्चारत नाही. बाकीच्या जमातींची भाषा या नावात आहे कुठे?

बरं, १९३०च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘दोबामा’ चळवळीने नेमकं उलट सांगितलं होतं. सर्वांना सामावणारा शब्द ‘बमा’, संकुचित तो ‘म्यन्मा’! शब्द तेच, अर्थ सोयीप्रमाणे.

सामावून घ्यायचंच होतं, तर कायद्यात घ्यायचं. १९८२च्या नागरिकत्व कायद्याने मान्य जमातींची चौकट आखली आणि रोहिंग्यांना बाहेर ठेवलं. पिढ्यानपिढ्या राखाइनमध्ये राहिलेली माणसं कागदावर परकी झाली. २०१७ मध्ये लष्कराने गावं जाळली, सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले.

सर्वसमावेशक नाव कुणाच्या कामी आलं?

आता आपल्याकडे वळू. आपला ब्रह्मदेश टिळकांच्या मंडालेपाशी सुरू होतो आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यापाशी संपतो. मधल्या माणसांची चौकशी आपण कधी केली?

२०२१च्या लष्करी उठावानंतर चिन लोक जीव मुठीत धरून मिझोराममध्ये आले. मिझोंनी त्यांना भाऊबंद म्हणून घरात घेतलं, कारण नातं जुनं आहे, सीमारेषा नंतरची. आपण मात्र त्यांना सरसकट ‘बर्मी’ म्हणतो. जो बमार सेनापती त्यांच्यावर विमानं पाठवतो, तोही बर्मी. जो त्या बाँबखालून पळतो, तोही बर्मी!

भाषेला बर्मी म्हणा, खुशाल म्हणा. नागरिकालाही म्हणा. पण माणूस दारात उभा असेल तर आधी त्यालाच विचारा: तू चिन, करेन, रोहिंग्या की बमार? त्याच्या देशाने त्याला हे कधी मोकळेपणाने सांगू दिलं नाही. आपण तरी ऐकून घेऊ.