काकू, लिंबू नको!

आमच्या आणि शेजारच्या रो-हाउसमध्ये साडेतीन फुटांची भिंत आहे. वरच्या थरातली एक वीट कधीतरी निखळली, आणि त्या खाचेत चहाचे दोन कप अगदी मापात बसतात. निगडी प्राधिकरणात येऊन आम्हाला 28 वर्षं झाली. तेवढ्यात भिंतीला तीनदा प्लॅस्टर झालं, पण ती वीट काही बसली नाही. बसवू देणार कोण?

तर काल कढीपत्त्याच्या निमित्ताने बाहेर आले आणि बघते तर पलीकडे दोरीवर फडकीच फडकी. निळी, पिवळी, गुलाबी, सगळी एका मापाची. शेजारची नवी सून चिमटे लावत होती. नवी म्हणजे, मी तिला अजून नवीच म्हणते. वय 46, मुलगा हिंजवडीत नोकरीला.

"अगं, दुकान लुटलंस की काय?"

"धंद्याची आहेत, काकू. निळी बाथरूमची, पिवळी किचनची, गुलाबी काचेची. परवा मावशींनी निळं ओट्यावर फिरवलं आणि बाईंनी बघितलं. काय ऐकून घेतलंय मी!"

मी कप खाचेत ठेवला. असा विषय उभ्याउभ्या संपत नाही.

तुम्हाला आधीचं सांगायला हवं. तिच्या मिस्टरांची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. चाकणची नवी नोकरी मिळाली, पण पगार निम्मा. ही घरात बसून कुढणाऱ्यातली नाही. पोळीभाजीचे डबे करून झाले, साड्यांना फॉल-बिडिंग करून झालं. मग फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीला रावेतला फ्लॅटचा ताबा मिळाला. बिल्डर किल्ली देतो तेव्हा घर कसं असतं माहीत आहे ना? फरशीवर सिमेंटची पुटं, काचांवर रंगाचे शिंतोडे, खिडकीच्या पट्टीत वाळू. ही आणि आमच्या दोघींकडे कामाला येणाऱ्या मावशी, दोघींनी दोन दिवसांत ते घर लख्ख केलं. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दारातूनच विचारलं, "ताई, आमचं किती घ्याल?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"बाराशे."

"टू बीएचकेचे?"

"तोंडातून निघून गेलं हो. मला वाटलं, जास्तच सांगतेय."

मग भिंतीवर बोटाने आकडे मांडून तिने मला तो हिशेब सांगितला. मावशी आणि त्यांची जाऊ, दोघींचे 500 प्रमाणे 1,000. रिक्षा जाऊन-येऊन 240. लिक्विड, घासण्या, ब्लेड मिळून 180. झाले 1,420. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सात राबून स्वतःच्या पदरचे 220 घातले, आणि वर त्या घरच्यांनी जाताना सांगितलं, "पंखे जरा परत पुसाल का?"

मी हसले, पण खरं सांगू का, आपल्यातली कुणीही असती तरी हेच केलं असतं. फरशी पुसायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिचे पैसे सांगायला मात्र जीभ उचलत नाही. घरचं काम म्हणून जन्मभर फुकट केलेलं असतं, त्यामुळे त्याला दर असतो हेच डोक्यात शिरत नाही. आता तिचा टू बीएचकेचा दर 4,500 आहे. पहिल्यांदा तो सांगितला तेव्हा म्हणे तिने फोन कानापासून लांब धरला होता, पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून.

भांडवलाची गंमत ऐका. आमच्या ह्यांनी तिला भिंतीवरूनच मुद्रा योजना समजावली होती. बँकेतून निवृत्त झाले तरी माणसातली बँक निवृत्त होत नाही. म्हणाले, "2015 पासून आहे योजना, 50,000 पर्यंतच्या कर्जाच्या गटाला शिशु म्हणतात, तारण लागत नाही." ती म्हणाली, "काका, ह्या वयात मला शिशु करू नका." आणि तिने काय केलं, तर आमच्या भिशीचा पहिला नंबर मागून घेतला. आम्ही बाराजणी, महिना 2,000. पहिला नंबर खरं तर माझा होता. मला गीझर बदलायचा होता. जाऊ दे.

ते 24,000 घेऊन ती रविवार पेठेत बोहरी आळीत गेली. ओला-सुका दोन्ही ओढणारा व्हॅक्युम क्लिनर, अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी, ब्रश, वायपर, काचेचं ब्लेड, रबरी हातमोजे, चष्मे आणि ही फडकी. एकाने तिला उद्यम नोंदणी करून देतो म्हणून 1,500 मागितले होते. ती नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. मुलाने आधार आणि पॅन घेऊन जेवता जेवता करून टाकली. जीएसटीचं विचारलं तर म्हणाली, "सेवेला वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असली तर लागत नाही, काकू. मी 20 लाखांची वाट बघतेय."

पण हे सगळं व्हायच्या आधी तिला सराव हवा होता, आणि सराव कुठे करणार? माझ्या घरात. फुकट होतं म्हणून मीही हो म्हटलं. खिडक्यांच्या जाळ्या अशा निघाल्या की मला आधी वाटलं, जाळ्या काढून ठेवल्यात. मग तिने चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बुडवल्या. तासाने काढल्या तर तेल गेलं होतं आणि जाळ्या काळ्याठिक्कर. अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या ना! सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो, स्टीलला नाही. हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि मलाही. अजून तशाच लावल्यात. पोळ्या लाटताना रोज वर नजर जाते.

"काकू, चिमणीचं काढू नका हं," ती म्हणाली. माझं लक्ष कुठे गेलं ते तिला कळलं असावं.

"मी कुठे काढलं? तूच काढलंस."

त्याहून मोठा घोळ वाकडच्या एका घरी झाला. सातव्या मजल्यावर, पांढऱ्या संगमरवराचा देव्हारा, खाली तसलीच पायरी. पायरीवर वर्षानुवर्षांचे हळदीचे डाग. घरच्या आजी म्हणाल्या, एवढं निघालं तर बघ. हिने विचार केला, केमिकल देवापाशी कशाला, आपलं घरचं लिंबू बरं. अर्ध्या लिंबावर मीठ घेऊन घासलं आणि रस मुरायला दहा मिनिटं तसाच ठेवला.

"पुसलं आणि बघितलं, काकू. हळद बरीच गेली होती. पण जिथे लिंबू टेकलं होतं तिथे वाटीएवढा गोल, अगदी मेलेला. बाजूला दिव्याचं प्रतिबिंब दिसतंय आणि त्या गोलात काहीच नाही. मी ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. आजी मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटलं."

पॉलिशवाला आणून तिने ती पायरी पुन्हा घासून घेतली. 2,800 घेतले त्याने. तिच्याच खिशातून. पण त्या माणसाने काम करता करता तिला जे सांगितलं, ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या मागच्या अंगणाची फरशी वाचली असती. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा, हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आंबट काहीही लागलं की दगडाचाच वरचा थर विरघळतो. मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की संडासात ओतायचं अ‍ॅसिड. ग्रॅनाइट त्यातला नाही, तो सोसतो. आणि खरी मजा पुढेच आहे. बोअरच्या पाण्याने नळांवर जे पांढरं चढतं, तेसुद्धा चुनाच. म्हणून नळावर लिंबू फिरवलं की नळ झळकतो. लिंबाला नळ कुठला आणि देव्हारा कुठला, काही कळत नाही. त्याला चुना दिसला की ते खातं.

तेव्हापासून ती काम घेण्याआधी घरी जाऊन फरशी कसली आहे ते बघते आणि वहीत लिहिते. ओरखडे, टवके आधीच असले तर मालकासमोर फोटो काढते. आणि बाथरूममध्ये एका वेळी एकच बाटली, हा कायदा. त्याचं कारणही ऐकवते. मावशींच्या जाऊबाईंनी एकदा कमोडमध्ये अ‍ॅसिडवालं क्लीनर घातलं आणि डाग जाईना म्हणून वरून ब्लीच. क्लोरीन वायू सुटला. डोळ्यांतून पाणी, घसा आवळलेला, दोघी खोकत जिन्यात. दार-खिडक्या उघड्या टाकून अर्धा तास बाहेर बसल्या. ती बाई त्यानंतर आठवडाभर कामावर आली नाही, आणि हिने तिचा रोज कापला नाही. हे मला मावशींकडून कळलं, हिच्याकडून नाही.

मावशींचं म्हणाल तर त्यांचा रोज आता 700 झालाय. सकाळची आमची कामं आटोपून जातात. माझ्याकडे यायला मात्र हल्ली साडेनऊ होतात. त्याबद्दल मी अजून काही बोलले नाही.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी परवा भाजीच्या गाडीपाशी मला गाठलं. आवाज बारीक करून, "तुमची शेजारीण लोकांकडे झाडूपोछा करते म्हणे?" मी म्हटलं, "झाडूपोछा नाही हो, डीप क्लिनिंग." "असं होय? मग बरं," म्हणाल्या आणि मेथीची जुडी उचलली. मावशी गेली 25 वर्षं आमच्या गल्लीत तेच करताहेत, त्यांना "मग बरं" कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

हिच्या सासूबाईही आधी फुरंगटूनच होत्या. लोकांचा केर काढायचा म्हणजे काय! लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायला सगळ्यात पुढे त्याच. पण त्यांना वळवलं ते डब्याने.

तो डबा हिची स्वतःची कल्पना. काम सुरू करताना एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा घराच्या मधोमध ठेवायचा. सोन्याच्या वस्तू आणि रोकड घरच्यांनी आधीच कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवायची. त्यानंतर साफसफाईत जे म्हणून सापडेल, ते डब्यात. जाताना डबा मालकाच्या हातात. पिंपळे सौदागरच्या एका सोफ्यातून काय निघालं, ते तिने मला बोटांवर मोजून दाखवलं: तीन पेनं, नऊ हेअरपिना, रिमोटचं झाकण, 37 रुपयांची चिल्लर, हापूसची वाळलेली कोय, आणि एक दुधाचा दात.

"दात?"

"हो ना. त्या बाई तो दात हातात घेऊन खालीच बसल्या. मुलगा आता बारावीला आहे म्हणे. मला चहा दिला, मावशींना दिला, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतून तीन फोन आले."

ही गोष्ट सासूबाईंनी ऐकली आणि त्यांनी आता देवळातल्या सगळ्या बायकांना ऐकवली आहे. प्रत्येक वेळी चिल्लर वाढते. काल त्यांच्या तोंडून मी 300 ऐकले.

धंद्याचं नाव अजून ठरलेलं नाही. मुलाला काहीतरी इंग्रजी चकचकीत हवंय, तिला संस्कृत हवंय. तोवर लोकांच्या फोनमध्ये ती "क्लिनिंगवाल्या ताई" आहे. घटस्थापनेच्या आधीचे दोन्ही शनिवार-रविवार भरलेत. दिवाळीसाठी आतापासून वही उघडावी लागली. शिडीवर चढायला एखादा मुलगा हवाय, कारण मावशींचे गुडघे धरतात आणि हिला उंचावर गरगरतं. ज्या बाईला माळ्यावर बघितलं तरी गरगरतं, तिने हा उद्योग काढावा!

चहा संपला. मी कप उचलले आणि अगदी सहज म्हणतात तसं विचारलं, "मग दिवाळीच्या आधी आमचंही करून टाक ना एकदा. मागची ती शहाबादीही बघ जरा, मी तिच्यावर लिंबू…"

"काकू, लिंबू नको!"

"नाही गं, आता नाही. तर आम्हाला किती लावशील?"

तिने चिमटा दोरीला लावला. फोन कानाशी नव्हता, त्यामुळे लांब धरायची सोय नव्हती. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "बेचाळीसशे साठ."

"अगं, मी शेजारी आहे! आणि हे साठ कसले मधेच?"

"शेजारी आहात म्हणूनच तर. पंचेचाळीसशेतनं रिक्षाचे दोनशे चाळीस वजा केलेत."

"आणि चिमणीच्या जाळ्या?"

"त्या नव्या आणून देते. त्याचे नाही घेणार."